आधी कॉल, मग कार्ड

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर गराडूची कढई लागली की थंडी आली, असं मी समजते. कॅलेंडर काही का म्हणेना. कंदाचे जाड तुकडे तेलात पडतात, खरपूस होऊन बाहेर येतात, त्यावर मसाला आणि लिंबू, आणि गल्लीतली माणसं द्रोणात फुंकर मारत रस्ता अडवून उभी राहतात. दरवर्षी पहिला द्रोण माझा असतो. परवा मात्र कढई लागली आणि मी उठून दुकानाचं काचेचं दार लावून घेतलं.

"अरे वा, या साल गराडूशी पण कट्टी?" आतून ह्यांनी विचारलं.

"तेलाचा वास फ्रेमांना लागतो," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत फ्रेमांना कधी वास लागला नव्हता, हे त्यांनाही माहीत आहे. पण या वासाच्या मागोमाग गेल्या वर्षीची थंडी दुकानात शिरते आणि मग मी गिऱ्हाइकांशी तुटक बोलते, एवढं त्यांच्या लक्षात आलंय.

मी पिस्तूल चालवते. हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे, मग माझ्या साडीकडे आणि मग दाराकडे बघतो. तर घाबरू नका. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, शिशाचा बारीक छर्रा, दहा मीटरवर टांगलेलं पुठ्ठ्याचं कार्ड आणि त्यावर एक काळा गोल. एवढाच माझा पराक्रम. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं सासरे सांगायचे, पण त्या फौजेचा आणि माझ्या छर्ऱ्याचा काही संबंध नाही. एक वयस्कर नेमबाज दुकानात आले होते, त्यांना पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, स्पष्ट दिसेल असा नंबर हवा होता. वाचायचा नको, लांबचा नको, हात ताठ केल्यावर जिथे टोक येईल तिथला. मला ते काही कळेना, म्हणून मोजमाप घ्यायला मी सुदामा नगरच्या आमच्या घरापासून जवळच असलेल्या रेंजवर गेले. त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, माशी स्वच्छ बघा, कार्ड धूसर दिसलं तरी दिसू द्या. जन्मभर लोकांना लांबचं स्पष्ट दाखवायचा धंदा केला आणि इथे कुणी सांगत होतं की लांबचं धूसरच बरं. मी त्याच दिवशी अडकले. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

रेंज म्हणजे एका जुन्या हॉलचा वरचा मजला. पंख्यांचा आवाज, शिशाचा तो किंचित धातूचा वास, फरशीवर पिवळ्या रंगाने मारलेली रेघ. हिवाळ्यात सकाळी पिस्तुलाची मूठ इतकी गार असते की आधी पाच मिनिटं ती काखेत धरून बसावं लागतं. रेंज सांभाळणारे दिलीप भिया आल्यागेल्याला आलं घातलेला चहा पाजतात आणि सोबत दटावतात, "ताई, कप रेघ के इस तरफ. उस तरफ सिर्फ ध्यान."

शिकवायला मात्र कुणी नव्हतं. ते वयस्कर गृहस्थ मुलाकडे दुसऱ्या गावी गेले, म्हणून मी फोनवर शोधलं. देशभरच्या नेमबाजांचा एक मोठा ग्रुप मिळाला. मी भीतभीत माझं कार्ड टाकलं, पाच छर्रे, पाच दिशांना. खाली पहिलं उत्तर आलं, "आंटी, घर जाके रोटी बेलो, गोल आएगी." त्याला चाळीस जणांनी हसरे चेहरे चिकटवले. मी दुकानाच्या काउंटरमागे उभी होते, समोर एक आजोबा नंबर तपासायला बसले होते आणि मला तक्त्यावरची अक्षरं दिसेनात. त्या दिवशी ठरवलं की आपला वेगळा ग्रुप काढायचा. तिथे कुणाला कुणी असं बोलणार नाही.

"दहा मीटर" हा ग्रुप असा रागातून निघाला. रागातून निघाला म्हणूनच बहुधा तो इतका सभ्य झाला. देवास, खंडवा, बुऱ्हाणपूर, जळगाव, जिथे धड रेंज नाही, शिकवणारं माणूस नाही अशा गावांतली माणसं जमत गेली. कुणी गच्चीवर सराव करायचं, कुणी धान्याच्या गोदामात. मी त्यांना रीत घालून दिली, आणि तिचा मला अभिमान होता, अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

आधी कॉल, मग कार्ड. छर्रा सुटला की कार्ड बघायच्या आधी तो कुठे लागला असेल ते कागदावर पेन्सिलने टिंब देऊन सांगायचं, याला नेमबाजीत कॉल म्हणतात. हात कुठे होता, माशी कुठे होती, बोटाने ऐनवेळी काय आगाऊपणा केला, हे ज्याला आतून कळतं तोच पुढे जातो. दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी कॉलचा कागद आणि खरं कार्ड शेजारी ठेवून फोटो टाकायचा. कॉल चुकला तरी चालेल, खोटा चालणार नाही. काही जण आधी कार्ड बघून मग टिंबं काढतात, ते मला फोटोवरून ओळखू येतं. खरा कॉल थोडा तरी चुकतोच. नेमका जुळला की मी समजायची, स्वारी आधी डोकावून आली आहे.

आणि कार्डावर बोलायची रीत अशी की पहिली ओळ चांगल्याची. खरंच चांगलं असेल तेच, उगाच नाही. खांदा सैल आहे, दोन छर्रे जवळजवळ आहेत, काहीच नाही तर कॉल प्रामाणिक आहे. दुसरी ओळ चुकीची, आणि चूक एकच. दहा असल्या तरी एकच सांगायची, बाकीच्या पुढच्या रविवारी. स्वतःला कळत नसेल तर मनाने ठोकून द्यायचं नाही, जाणत्याला विचारायचं. आणि प्रत्येक नव्या माणसाला जुन्यातला एक जोडीदार. नव्याने रोज डायरी लिहायची, जोडीदाराने ती वाचायची. डायरीत फक्त छर्रे नसतात. रात्री झोप लागली का, घरात भांडण झालं का, रेघेवर उभं राहिल्यावर पोटात काय झालं, सगळं लिहायचं. आणि ती डायरी दोघांतच राहायची. हे इतकं उघड होतं की त्याचा नियम म्हणून मी कधी वेगळा उच्चारही केला नव्हता.

केतकी आली तेव्हाही गराडूचेच दिवस होते. नाशिकची मुलगी, तुकोगंजातल्या एका कंपनीत कामाला. तिचं मराठी इस्त्री केलेलं, आमचं इंदूरचं चुरगळलेलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बेटा, तू पैले बैठ तर सही, मग दाखव," तर ती गोंधळून उभीच राहिली आणि मग इतकी हसली की दिलीप भिया चहा घेऊन धावत आले. तिचं पहिलं कार्ड मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. सगळे छर्रे खाली डावीकडे सांडलेले, आणि कॉलही खाली डावीकडेच. मी लिहिलं, "तुला तुझी चूक कळते, हे सगळ्यात चांगलं. चाप बोटाच्या मधल्या पेरावर येतोय, तो टोकाच्या पेरावर घे." एवढंच. तिने नंतर सांगितलं की हा मेसेज तिने ऑफिसात तीनदा उघडून वाचला.

मी तिची जोडीदार झाले. तिच्या नेमबाजीच्या चष्म्याची काच मी स्वतः घासून बसवली. शनिवारी ती दुकानात यायची, काउंटरशेजारच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसायची आणि आम्ही दोघी द्रोणातले गराडू काडीने उचलत तिची डायरी वाचायचो. ह्यांना ती "काका, तुमचा पण एक कॉल होऊन जाऊ दे" म्हणायची, आणि हे गिऱ्हाईक बघून त्याच्या चष्म्याचा नंबर आधीच सांगून टाकायचे. मला मूल नाही. ही गोष्ट मी एरवी कुणाला सांगत नाही आणि त्याचं मला फार दुःख आहे असंही नाही. पण ते स्टूल शनिवारी रिकामं राहिलं की मी दोनदा दाराकडे बघायची.

दोन वर्षांत ती माझ्या पुढे गेली. जायलाच हवी होती. तिच्या नजरेला जे दिसायचं ते मला दिसत नसे. खंडव्याच्या कुणाचं कार्ड बघून ती म्हणायची, "ताई, यांचा श्वास आधी सुटतोय," आणि ते खरं निघायचं.

मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझं बोट गोठलं.

ज्यांना हे झालं नाही त्यांना समजावणं अवघड आहे. हात वर जातो, खाली येतो, काळ्या गोलाखाली थांबतो. माशी स्वच्छ, कार्ड धूसर, सगळं जिथल्या तिथे. आणि चापावरचं बोट जात नाही. दुखत नाही, थरथरत नाही, नुसतं जात नाही. सुईत दोरा ओवला जावा आणि तो ओढायला हातच उठू नये, तसं. मग पिस्तूल खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वर. पुन्हा तेच. एका सकाळी मी चोवीस वेळा हात उचलला आणि चार छर्रे सुटले.

डिसेंबरअखेर राज्याची स्पर्धा होती, आमच्याच रेंजवर. ज्येष्ठांच्या गटात माझं नाव होतं. साठ छर्रे, सव्वा तास. पण खरी भीती स्पर्धेची नव्हती. ज्या ग्रुपला मी इतकी वर्षं शिकवत आले, त्याला हे बोटाचं कळलं तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील, ही होती. मी कुणाला विचारणार? सगळे मलाच विचारायचे.

म्हणून मी ते केलं, जे आमच्यात आधी कुणी केलं नव्हतं. मी जोडी उलटी केली. केतकीला म्हटलं, या थंडीत माझी डायरी तू वाच.

"मी? तुमची?" तिचे डोळे भरून आले. "ताई, मला जमेल?"

"जमेल. आणि कुणाला कळता कामा नये, माझी आई," मी म्हटलं.

त्या महिन्यातली डायरी मी जन्मात लिहिली नव्हती इतकी खरी लिहिली. दुकान उघडायच्या आधी, चहाचा कप वहीवरच ठेवून. एका पानावर कपाचं गोल उमटलं होतं आणि त्याच्या शेजारी मी लिहिलं होतं, "मी जे शिकवते तेच मला येत नाही, अशी भीती वाटते." फोटो काढला, तिला पाठवला. तिने उत्तर दिलं, "ताई, वाचलं. तुम्ही खूप धीट आहात." पहिली ओळ. दुसरी ओळ त्या दिवशी आली नाही. मला वाटलं, विचार करत असेल.

त्यानंतरचे दिवस फार गोड होते, आणि तीच गोष्ट आता सहन होत नाही. अचानक सगळे माझ्याशी प्रेमाने वागू लागले. ग्रुपमधल्या देवासकर वहिनींनी विनाकारण फोन करून तब्येत विचारली. ग्रुपवर माझ्या कार्डाखाली दहा-दहा जणांच्या चांगल्या ओळी आणि चुकीची ओळ कुणाचीच नाही. दिलीप भियांनी मला कोपऱ्यातली जागा दिली, पडद्याजवळची, जिथे मागून कुणी बघत नाही. "ताई, आप तो आराम से. कोई जल्दी नहीं अपने को." मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, माणसं किती सुधारली. मी लावलेलं झाड आहे हे. हे म्हणाले, "देख भई, इतनी मिठास में चींटी आती है." मी त्यांना आखडू म्हटलं.

तरी मनात कुठेतरी खटकलं असणार, कारण एका शनिवारी मी केतकीला विचारलं, "कुणाजवळ बोलली नाहीस ना गं, माझ्या बोटाचं?"

ती द्रोणातला तुकडा उचलत होती. "नाही ताई. डायरी दोघींचीच."

चटकन. अगदी नेमकं. इतकी वर्षं लोकांचे कॉल तपासत आले. जो कॉल नको तितका जुळतो तिथे माझी भुवई वर जाते. त्या दिवशी नाही गेली. मी तिला लिंबाची अर्धी फोड दिली आणि आम्ही दुसऱ्या गोष्टी बोललो.

स्पर्धेच्या सकाळी बुऱ्हाणपूरचे जोशी सर आले होते. निवृत्त मास्तर, आमच्या ग्रुपमधले सगळ्यात सभ्य गृहस्थ, रविवारी कार्डसुद्धा पट्टी लावून सरळ ठेवून फोटो काढणारे. माझ्या जागी जायच्या पाच मिनिटं आधी ते जवळ आले, घरच्या तिळाच्या वड्यांचा डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, शिकवणाऱ्याला स्वतःला येत नसलं तरी चालतं. भीती मनातून काढून टाका."

ते माझं वाक्य होतं, कपाच्या गोलाशेजारचं.

मी डबा घेतला. आभार मानले. सवयीने मानले. मग हॉलभर नजर फिरवली आणि मला एकाएकी सगळं दिसलं. दिलीप भिया, देवासकर वहिनी, खंडव्याची दोन माणसं, जो तो माझ्याकडे बघत होता आणि मी बघितलं की हलकेच हसत होता. दवाखान्यात पेशंटकडे बघून हसतात तसं. आणि भिंतीशी केतकी उभी होती, दोन्ही अंगठे वर करून.

त्या सव्वा तासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हात वर गेला, खाली आला, बोट गेलं नाही. मागे सगळ्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू येत होता, रोखलेला श्वास ऐकू येतो. जे छर्रे सुटले ते बरे गेले. वेळ संपल्याचा पुकारा झाला तेव्हा सतरा छर्रे डबीत तसेच होते. मी पिस्तूल उघडून ठेवलं, वळले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी, उभं राहून. "आंटी, रोटी बेलो" म्हणणारा तो कोण होता देव जाणे, पण त्या क्षणी मला त्याची आठवण आली, आणि तो बरा होता असं वाटलं. त्याने निदान माझ्या तोंडावर हसून घेतलं होतं.

दुपारी केतकीने स्वतःहूनच मला फोन दाखवला. तिला लपवायचं नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता. तिने एक वेगळा ग्रुप काढला होता. सगळे जोडीदार त्यात, दिलीप भियासुद्धा, मी सोडून. ग्रुपचं नाव "ताईंसाठी".

"मला कळेना तुम्हाला काय सांगावं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, कळत नसेल तर मनाने ठोकून द्यायचं नाही, जाणत्यांना विचारायचं. म्हणून विचारलं. बघा ना ताई, कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही."

खरंच नव्हतं बोललं. मी अंगठ्याने वर सरकवत वाचत गेले. सगळ्यात वर माझ्या डायरीचं पान, कपाच्या गोलासकट. खाली प्रत्येकाची पहिली ओळ चांगल्याची. ताईंचं उभं राहणं आदर्श आहे. ताईंची जिद्द मोठी आहे. मग दुसरी ओळ, चूक एकच. खांदा, श्वास, वय. एकाने लिहिलं होतं, "केतकी, तू किती समंजस जोडीदार आहेस," आणि तिने हात जोडले होते. मधे जोशी सरांचा मेसेज होता, "ताईंना हे कळू देऊ नये, ही नम्र विनंती. त्यांना वाईट वाटेल." त्याखाली सगळ्यांचं हो. केतकीचंही. तारीख बघितली. कुणाजवळ बोलली नाहीस ना, असं मी तिला ज्या शनिवारी विचारलं होतं, त्याच्या दोन दिवस आधीची.

मी ग्रुपला बोलून घालून दिलेली एकही रीत मोडली गेली नव्हती. मी बांधलेल्या घरात, मी शिकवलेल्या सभ्यपणाने, माझ्याच माणसांनी मला उघडं केलं होतं, आणि तक्रार करायला मला जागा ठेवली नव्हती. कुणी हसलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी कधी घाबरले नाही, माझ्या गिऱ्हाइकांना विचारा. पण इतक्या मायेने वागणाऱ्यांशी कसं भांडतात, ते मला कुणी शिकवलं नाही.

"रागावलात का ताई?" केतकीने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं.

हा माझा कॉल. गेलं वर्षभर मी त्याच्याकडे बघते आहे.

नंतरचं सगळं फार शांतपणे झालं. मी ग्रुप सोडला नाही. दर रविवारी कार्डं येतात, मी प्रत्येकाला दोन ओळी लिहिते. केतकीच्या कार्डाला नुसता अंगठा. तिने सुरुवातीला फोन केले, दोन शनिवारी येऊन गेली, मी स्टुलावर नव्या फ्रेमांचे खोके रचून ठेवले होते. ती उभी राहिली, ह्यांच्याशी बोलली, गेली. तिला काही कळलं असेल आणि काही नसेल. ती आता तिघांची जोडीदार आहे. त्यांच्या कार्डांखाली ती जे लिहिते त्यात माझी वाक्यं येतात, शब्दन्शब्द. "तुला तुझी चूक कळते, हे सगळ्यात चांगलं." ते वाचलं की मला आनंद होतो आणि त्याच वेळी फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. दोन्ही खरं आहे.

बोटाचं म्हणाल तर ते उन्हाळ्यात आपोआप सुटलं. कसं, कुणास ठाऊक. सतरा छर्ऱ्यांची डबी दुकानाच्या खणात आहे, स्क्रू आणि नाकाच्या पट्ट्यांबरोबर.

आता पुन्हा थंडी, पुन्हा स्पर्धेचे दिवस. नव्या माणसांचा लोंढा याच दिवसांत येतो. मागच्या आठवड्यात उज्जैनची रेखा आली. दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी संपली की घरच्या बोळात सराव करते. पहिलं कार्ड भयंकर, कॉल एकदम खरा. तिने मला वेगळा मेसेज केला, "ताई, माझी जोडीदार तुम्हीच व्हा ना. मी सगळं लिहीन. पण एक विचारू का, डायरी दोघींतच राहते ना?"

साधा प्रश्न. पूर्वी कुणी विचारला असता तर मला रागच आला असता, हे काय विचारणं झालं? आता मी हो टाइप केलं, पुसलं. "रीत तर तशीच आहे" टाइप केलं, पुसलं. चार दिवस ती मुलगी उत्तराची वाट बघते आहे, आणि मी सभ्यपणा शिकवणारी बाई, मला तिला एक शब्द लिहिता येत नाही. मला माझ्याच शब्दाची खात्री नाही. जी स्वतः वर्षभर खोटा कॉल कुरवाळत बसली आहे तिने दुसरीला काय म्हणून सांगावं की सगळं खरं लिही?

म्हणून काल रविवारी संध्याकाळी मी दुकानात कोरा कॉलचा कागद घेतला. टिंबं काढली नाहीत. पेन्सिलने लिहिलं:

"केतकी, तू विचारलंस रागावलात का, मी नाही म्हटलं. तो कॉल खोटा होता. राग आहे, अजून आहे. तू सगळ्यांना विचारलंस म्हणून नव्हे. ते मी समजू शकते, मीच शिकवलं होतं. मी तुला तोंडावर विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस, म्हणून."

फोटो काढला आणि आमच्या जुन्या जोडीत पाठवला, जिथे शेवटचं पान गेल्या डिसेंबरचं होतं. ग्रुपवर नाही. ह्यांनी विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, कार्ड टाकते.

तिने लगेच वाचलं. खूप वेळ ती लिहीत असल्याचं दिसत होतं, मग दिसेनासं व्हायचं, पुन्हा दिसायचं. मला ते हात वर जाणं आणि खाली येणं नीट ओळखू येत होतं. समोर कढईवाला आवराआवर करत होता. मी उठून काचेचं दार उघडलं, नाहीतरी वास काही दाराने थांबत नाही.

मग उत्तर आलं.

"ताई, अक्षर एकदम स्थिर आहे."

मी ते तीनदा वाचलं. खरंच स्थिर होतं, मी पुन्हा कागद बघितला. तिची नजर पहिल्यापासून चांगली. ही झाली पहिली ओळ, चांगल्याची, आणि रीतीप्रमाणे त्यानंतर दुसरी ओळ असते, चुकीची. एकच. ती कुणाची आहे ते तिला माहीत आहे.

आज दुपार उलटून गेली. फोन काउंटरवर ठेवला आहे, काच वर करून. स्टुलावरचे खोके सकाळी मी खाली उतरवले, का ते मला विचारू नका. दुसरी ओळ अजून आलेली नाही, आणि ती आल्याशिवाय मला रेखाला हो म्हणता येत नाही.